भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीचा पेपर

2016 साली भाऊबीज 1 नोव्हेंबरला होती. ओवाळणीचं ताट आवरून माझी एक विद्यार्थिनी त्याच रात्री वडिलांबरोबर सांगलीहून मुंबईच्या गाडीत बसली. दुसऱ्या दिवशी तिचा पेपर होता. केंब्रिज विद्यापीठाने इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी त्या वर्षापासून लेखी परीक्षा सुरू केली होती, इंजिनिअरिंग अ‍ॅडमिशन्स असेसमेंट. मुलं तिला ‘एन्गा’ म्हणू लागली. पहिलंच वर्ष असल्यामुळे जुने पेपर नव्हते, आधी दिलेलं कुणी ओळखीचं नव्हतं. होती ती फक्त अभ्यासक्रमाची छापील यादी आणि एक नमुना पेपर. आणि मी, ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी, जिला पासपोर्टसुद्धा नव्हता.

तिथपासून आजपर्यंत नऊ मुलं या परीक्षेसाठी माझ्याकडे बसली. त्या काळाकडे वळून पाहताना पहिली चूक आठवते ती माझीच. मी तिला इरोडोव्हची गणितं दिली, एच. सी. वर्मांचे दोन्ही भाग पुन्हा करून घेतले, जेईईच्या क्लासचे जाडजूड संच दिले. परीक्षा केंब्रिजची, म्हणजे अवघड. अवघड म्हणजे आणखी पुढचा अभ्यास, असा माझा हिशेब. पेपर देऊन आली तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, फिरत्या चकतीचं काहीच नव्हतं. वर्तुळातल्या कोनांवर अडले.”

यादी नीट वाचली असती तर हे आधीच कळलं असतं. पहिल्या विभागाचा एक भाग जवळजवळ आपल्या दहावीच्या पातळीचा होता: गुणोत्तर, शेकडेवारी, करणी, वर्तुळाची प्रमेयं, तरफ, घनता, साधी विद्युतमंडलं. बालभारतीच्या दहावीच्या भूमितीत वर्तुळाचं प्रकरण आहे. त्यातलं स्पर्शिका-छेदिका कोनाचं प्रमेय दहावीचा निकाल लागला की मुलं विसरतात, कारण पुढे ते कुणी विचारत नाही. इथे विचारत होते, आणि तेही घाईत. त्या वर्षी पहिल्या विभागात 80 मिनिटांत 54 प्रश्न होते, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिटही नाही. 2019 पासून 60 मिनिटांत 40 झाले. गती तीच राहिली.

तिने नऊ प्रश्न कोरे सोडले होते. चुकीच्या उत्तराला इथे गुण कापत नाहीत, हे तिला माहीत होतं, मी दहा वेळा सांगितलं होतं. पण दोन वर्षं ‘चुकलं की एक गुण गेला’ हे डोक्यात बसलेलं असताना हात आपोआप थांबतो. माहिती असणं आणि हाताला सवय असणं यात केवढं अंतर आहे, हे मी त्या नऊ रिकाम्या जागांवरून शिकले.

एक उदाहरण मी पुढच्या प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी दिलं. एक तार ओढून 20 टक्के लांब केली, घनफळ तेवढंच राहिलं, तर रोध किती टक्क्यांनी वाढेल? आमची हुशार मुलं तीन सेकंदांत सांगतात, 40. क्लासमध्ये युक्ती शिकवलेली असते: रोध लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून टक्केवारीची दुप्पट. ती युक्ती फार लहान बदलासाठी आहे, हे सांगायचं राहून गेलेलं असतं. लांबी 1.2 पट, क्षेत्रफळ 1.2 पटीने कमी, म्हणून रोध 1.44 पट. वाढ 44 टक्के. पर्यायांत 40 आणि 44 शेजारी शेजारी ठेवले की युक्ती पाठ असलेला मुलगा आणि तार डोळ्यांपुढे आणणारा मुलगा वेगळे होतात. एन्गाचे चांगले प्रश्न हेच करत, आणि म्हणून मला ती परीक्षा आवडू लागली.

आपल्या मुलांची एक बाजू मात्र भक्कम होती. परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही. बोर्डाला लॉग टेबल उघडून आकडेमोड केलेल्या, पाढे पाठ असलेल्या मुलांना याचं काही वाटत नाही. यावर मी त्यांना नेहमी धीर दिला.

तेव्हा खरा त्रास केंद्राचा होता. मान्यता असलेल्या शाळेतच परीक्षा द्यायची आणि नाव नोंदवायचं तेही शाळेनेच, उमेदवाराला स्वतः करता येत नसे. आमच्या कॉलेजला ती मान्यता कुठून असणार? पहिल्या वर्षी दोन शाळांनी बाहेरचे विद्यार्थी घेत नाही म्हणून कळवलं, तिसरीने घेतलं. दरवर्षी ऑगस्टमध्ये मी फोन करत बसायची. 2023 च्या ऑक्टोबरात एन्गा शेवटची झाली. 2024 पासून तिच्या जागी ईसॅट आली, केंब्रिज आणि लंडनचं इंपीरियल कॉलेज यांनी मिळून उभी केलेली. ती संगणकावर, पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रात होते; मूल स्वतः नोंदणी करतं. आमच्या मुलाला पुण्यात केंद्र मिळालं. त्या वर्षी दसरा 12 ऑक्टोबरला आणि परीक्षा 15-16 ला. इंजिनिअरिंगसाठी गणिताचे दोन आणि भौतिकशास्त्राचा एक असे तीन पेपर, प्रत्येकी 40 मिनिटं, 27 प्रश्न. कच्च्या कामाला कागद नाही, पुसता येणारी पानं आणि मार्कर. त्याचा सराव आम्ही घरच्या पांढऱ्या पाटीवर केला. जाड टोकाने बारीक आकृती काढणं शिकावं लागतं.

फी मात्र परदेशातल्यांना 130 पौंड. घरात पगार एकाचा असेल तर हा आकडा हलका नाही.

परीक्षेनंतर मुलाखत. करोनाच्या वर्षापासून ती घरबसल्या, संगणकासमोर. तिथे आमची दोन मुलं अडखळली ती इंग्रजीमुळे नव्हे. आलेख काढायला सांगितला की ती गप्प होत, मनात उत्तर काढत, मग एकदम सांगत. समोरच्यांना हवं होतं मधलं सगळं: इथे शून्य का, इथे वाकतो का, हे चुकलं वाटतं, परत बघतो. वर्गात आपण मुलांना बोलत बोलत चुकू देत नाही. हे मी माझ्या वर्गाबद्दल सांगते आहे. आता माझ्याकडे मुलं फळ्यासमोर उभी राहून मराठीत मोठ्याने विचार करतात, मग तेच इंग्रजीत.

नऊ जणांपैकी एकीला इंग्लंडहून प्रवेशाचं पत्र आलं. ती गेली नाही. केंब्रिजला परदेशी विद्यार्थ्याची इंजिनिअरिंगची शिकवणी फी आज वर्षाला 40 हजार पौंडांहून जास्त आहे, राहणं-खाणं वेगळं. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी मिळते, पदवीसाठी नाही. तिने पुण्यात प्रवेश घेतला. पत्र तिच्या आईने जपून ठेवलं आहे. बारावीनंतर जाऊ पाहणाऱ्या मुलांसाठीही अशी एखादी शिष्यवृत्ती असायला हवी, हे माझं ठाम मत आहे.

ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना एक सांगते. ही परीक्षा बारावीच्या ऑक्टोबरात येते, कॉलेजचा अभ्यासक्रम तेव्हा अर्धाच झालेला असतो. एन्गाचे 2016 पासूनचे पेपर फुकट मिळतात आणि ईसॅटलाही उपयोगी पडतात. केंब्रिजचंच आयझॅक सायन्स (पूर्वीचं आयझॅक फिजिक्स) हे सरावाचं संकेतस्थळही फुकट आहे. पहिला पेपर अकरावीच्या दिवाळीत सोडवून घ्या, आणि त्याआधी दहावीची भूमिती माळ्यावरून खाली काढा.