मुका वॉकमन बोलता करताना

सोनीने पहिला वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीला आणला. त्या काळातले कॅसेट प्लेअर आज कपाटातून निघतात तेव्हा बहुधा मुके असतात; तरी ते भंगारात देण्याची घाई करू नये. दोष अनेकदा फक्त रबरी बेल्टचा असतो. मोटरची गती फ्लायव्हीलपर्यंत पोचवणारा हा बेल्ट काळाने सैल पडतो, कधी वितळून डांबरासारखा चिकट होतो. मोटरची घरघर ऐकू येते पण टेप हलत नाही, तर पहिला संशय त्याच्यावरच घ्यावा. पुलीवरचा चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसल्याशिवाय नवा बेल्ट चढवू नये. तोही नेमक्या मापाचा हवा: फार घट्ट असेल तर मोटरवर ताण येतो, सैल असेल तर सूर डगमगतो.

या सगळ्याआधी सेलचा कप्पा पाहावा. गळलेल्या अल्कलाइन सेलची पांढरी भुकटी व्हिनेगरच्या बोळ्याने निघते.

टेप सेकंदाला सुमारे ४.७६ सेंटिमीटर सरकली पाहिजे. वेग चुकला की गाणाऱ्याची पट्टीच बदलते. अनेक मोटरींना वेग जुळवणारा बारीक स्क्रू असतो, तो अगदी किंचित फिरवावा. हेडशेजारचा स्क्रू मात्र उगाच छेडू नये. तो हेडचा कोन ठरवतो आणि कोन बिघडला की आवाजातला झळाळ जातो.

आजीचा आवाज असलेली एकुलती एक कॅसेट चाचणीला घेणे मला तरी अक्षम्य वाटते. रोलरमध्ये गुंतून टेप चुरगळू शकते, म्हणून आधी एखादी टाकाऊ कॅसेट दोन्ही बाजूंनी पूर्ण वाजवून पाहावी.