ई-२०: इंजिनाची काळजी आणि सोयाबीनचा भाव

पेट्रोलच्या बाटलीत पाणी ओतायचं, हलवायचं, आणि तळाशी ओतल्यापेक्षा जास्त ‘पाणी’ जमलेलं दाखवायचं. पंपवाले पाणी मिसळतात याचा हा पुरावा वर्धा-हिंगणघाटात बऱ्याच मोबाईलवर असतो. प्रयोग खरा आहे, निष्कर्ष तेवढा चुकीचा. ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आणि हे इथेनॉल पेट्रोलची संगत सोडून पाण्याला जाऊन मिळतं. १०० मिली ई-२० मध्ये १० मिली पाणी घातलं, तर तळाचा थर साधारण ३० मिलीचा होतो. वाढलेलं २० मिली म्हणजे इथेनॉल. मिश्रणाचं प्रमाण ढोबळमानाने तपासायची रीतच ही. मात्र पावसाळ्यात टाकीत खरोखर पाणी शिरलं, तर हाच थर तळाशी बसतो आणि इंजिनात आधी तोच जातो. तेव्हा टाकीचं झाकण तपासून घ्या.

‘ॲव्हरेज निम्म्यावर आलं’ ही दुसरी ओरड. ॲव्हरेज घटतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या बनावटीच्या चारचाकीची घट ६-७ टक्के, दुचाकीची ३-४ टक्के धरली आहे. म्हणजे ६० देणारी मोटरसायकल ५८ देईल. ती ४० वर आली असेल, तर एअर फिल्टर आणि चाकांतली हवा बघा. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाडीच्या रबरी नळ्या आणि वायसरकडे लक्ष ठेवायला हवं, हे खरं.

‘इथेनॉल स्वस्त, मग पेट्रोल का उतरत नाही?’ कारण ते स्वस्त नाही. २०२४-२५ मध्ये मक्यापासूनच्या इथेनॉलचा खरेदीदर लिटरला ७१.८६ रुपये होता. परदेशी तेलाची आयात वाचते, तुमचा खिसा नाही.

आणि सगळ्यात मोठा गैरसमज: इथेनॉल म्हणजे ऊस, कापूस-सोयाबीनच्या वर्धा जिल्ह्याला त्याचं काय! आज सर्वाधिक इथेनॉल मक्यातून येतं. मक्यातला स्टार्च आंबवला की प्रथिनं चोथ्यात राहतात. हा सुका चोथा, व्यापाऱ्यांच्या भाषेत डीडीजीएस, कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात जातो आणि सोयापेंडीशी भावात टक्कर देतो. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम १८-२० टक्के, बाकी बहुतेक पेंडच. पेंडीचा उठाव घटला की सोयाबीनचा भाव बसतो. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. खुल्या बाजारात भाव बराच काळ त्याखालीच राहिला. दोष एकट्या चोथ्याचा नाही, आयात खाद्यतेल आणि जगभर उतरलेली पेंडही त्यात आहे. पण ई-२० च्या हिशेबात इंजिनावर जेवढी चर्चा झाली, तेवढी सोयाबीनवर झाली नाही. शेतातलं पीक आधी कुणासाठी, हा प्रश्न वर्ध्याला नवा नाही. इथल्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघ चालवणारे जे. सी. कुमारप्पा शेतजमीन आधी लोकांच्या अन्नासाठी, मग कारखान्यासाठी असं बजावत असत. तेव्हा प्रश्न साखर कारखान्याच्या उसाचा आणि लांब धाग्याच्या कापसाचा होता, आज तो गाडीच्या टाकीचा आहे.