आजारातून उठताना प्रसाधने का सोसत नाहीत?

टायफॉइड, डेंगी, केमोथेरपी किंवा एखादी मोठी शस्त्रक्रिया यांतून बरे होत असताना अनेकांना वर्षानुवर्षांच्या वापरातल्या वस्तू एकाएकी सोसेनाशा होतात. नेहमीच्या साबणाने अंग चुरचुरते, अत्तराच्या वासाने डोके उठते, कलप लावला की टाळूला खाज सुटते. अशक्तपणामुळे ‘केमिकल’ सोसत नाही, असे त्याचे निदान घरातच होऊन जाते. प्रत्यक्षात या एका तक्रारीखाली तीन वेगळे विकार दडलेले असू शकतात: त्वचेचा दाह, खरी अ‍ॅलर्जी आणि वासाचा त्रास. तिन्हींची कारणे निराळी, उपाय निराळे आणि टिकण्याचा काळही निराळा. म्हणून सगळ्या रसायनांना सरसकट दोष देण्यापेक्षा आपला त्रास यांपैकी कोणता, हे ओळखणे रुग्णाच्या अधिक हिताचे ठरते.

त्वचेचा दाह

त्वचेचा सर्वांत वरचा थर शरीरावर बहुतेक ठिकाणी अवघा १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा असतो. विटा आणि त्यांना सांधणारा चुना अशी त्याची घडण आहे. चपट्या मृत पेशी या विटा, तर सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले यांचे मिश्रण हा चुना. हा थर शरीरातले पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचे पदार्थ आत शिरू देत नाही. त्याचा सामू साधारण ४.५ ते ५.५, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. अंगाच्या साध्या साबणाचा सामू मात्र ९ ते १०च्या घरात जातो. निरोगी त्वचा धुतल्यानंतर काही तासांत पूर्वपदावर येते. आजारी त्वचेला तेवढे जमत नाही.

आजार आणि उपचार या थराला अनेक वाटांनी दुबळे करतात. केमोथेरपीची औषधे वेगाने विभागणाऱ्या पेशींवर मारा करतात, त्यामुळे त्वचेची नवी घडण मंदावते. किरणोपचार दिलेल्या जागी त्वचा लाल, कोरडी आणि हुळहुळी होते. थायरॉइडचे कमी प्रमाण, मधुमेह आणि मूत्रपिंडाचे जुने विकार यांत त्वचा मुळातच रुक्ष असते. मुरमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी तेलग्रंथी आटतात. या गोळ्या चालू असताना वॅक्सिंग किंवा केमिकल पील करू नका, असे डॉक्टर सांगतात, कारण त्वचा सोलवटून निघण्याची भीती असते. डॉक्सिसायक्लिन किंवा रक्तदाबावरचे हायड्रोक्लोरोथायझाइड यांसारख्या औषधांमुळे ऊन सोसत नाही, आणि लालसर झालेल्या चेहऱ्याचा दोष क्रीमवर येतो.

अशा त्वचेला फेस आणणारे सोडियम लॉरिल सल्फेट, टोनरमधले अल्कोहोल, ग्लायकॉलिक अ‍ॅसिड किंवा रेटिनॉल सहज झोंबते. याला दाह म्हणायचे, अ‍ॅलर्जी नव्हे. तो बहुधा काही मिनिटांत किंवा तासांत जाणवतो, खाजेपेक्षा आग अधिक होते आणि पदार्थ जिथे लागला तिथेच तो राहतो. पदार्थाचे प्रमाण वाढले की त्रास वाढतो, कमी झाले की घटतो. त्यासाठी त्या पदार्थाशी पूर्वी संबंध आलेला असावा लागत नाही. दिलासा असा की त्वचेचा वरचा थर साधारण चार आठवड्यांत नवा होतो. उतारवयात त्याला अधिक वेळ लागतो, पण थर सावरला की तीच वस्तू पुन्हा सोसू लागते.

खरी अ‍ॅलर्जी

अ‍ॅलर्जीचा मार्ग वेगळा आहे. एखादा लहान रेणू त्वचेत शिरून तिथल्या प्रथिनाला चिकटतो. प्रतिकारशक्तीच्या पेशी या जोडगोळीला परके ठरवतात आणि तिची आठवण जपतात. या पहिल्या टप्प्याला साधारण १० ते १४ दिवस लागतात आणि त्या काळात बाहेर काहीच दिसत नाही. त्यानंतर तोच पदार्थ पुन्हा लागला की एक ते तीन दिवसांनी खाज, पुरळ, सूज किंवा पाण्याचे फोड उठतात. प्रतिक्रिया इतकी उशिरा येत असल्यामुळे संशय भलत्याच वस्तूवर जातो. ‘दहा वर्षे हेच वापरते आहे, मग आताच कसे?’ हा प्रश्नही इथे फसवा ठरतो. अ‍ॅलर्जी वापराच्या कोणत्याही वर्षी जडू शकते, आणि एकदा जडली की सहसा जन्मभर राहते.

आजारपणात तिला वाव मिळतो तो मोडलेल्या त्वचेतून. पायावरच्या जुन्या, न भरणाऱ्या जखमांचे रुग्ण याचे ठळक उदाहरण आहेत. महिनोन्‌महिने मलमे लावल्यामुळे त्यांच्यात निओमायसिन हे प्रतिजैविक, लॅनोलिन ही लोकरीतून मिळणारी चरबी आणि सुगंधी द्रव्ये यांची अ‍ॅलर्जी इतरांपेक्षा अधिक आढळते.

प्रसाधनांत अ‍ॅलर्जीची मुख्य कारणे तीन: सुगंधी द्रव्ये, परिरक्षके आणि केसांचे रंग. परिरक्षकांतील मिथाइलआयसोथायाझोलिनोनचा इतिहास बोलका आहे. युरोपात २००५ साली या द्रव्याला प्रसाधनांत स्वतंत्रपणे वापरण्याची परवानगी मिळाली, दशलक्ष भागांत १०० भाग या मर्यादेत. काही वर्षांतच ओले टिश्यू आणि क्रीम वापरणाऱ्यांत इसबाची लाट आली. अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली त्याला ‘वर्षातील अ‍ॅलर्जीकारक’ म्हणून जाहीर केले. अखेर युरोपीय संघाने अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांतून ते बाद केले आणि धुऊन टाकायच्या वस्तूंत त्याची मर्यादा १५ भागांवर आणली. याउलट ज्या पॅराबेनची धास्ती सर्वाधिक घेतली जाते, त्यांची अ‍ॅलर्जी इतकी विरळ आहे की त्याच संघटनेने २०१९ साली पॅराबेनला मुद्दाम ‘वर्षातील अ‍ॅलर्जी न करणारे द्रव्य’ ठरवले.

कलपातील पॅराफेनिलिनडायअमिन, म्हणजे पीपीडी, हे भारतात नेहमी आढळणारे कारण. कलप डोक्याला लागतो, पण सूज अनेकदा पापण्यांवर, कानांवर आणि मानेवर येते. झटपट गडद रंग चढावा म्हणून काळ्या मेंदीतही पीपीडी घातलेले असते, आणि लग्नसमारंभात हातावर काढलेल्या तशा नक्षीतून जडलेली अ‍ॅलर्जी पुढे कलप लावताना उघड होते. पीपीडीचे वावडे असलेल्यांना त्याच रासायनिक कुळातील बेन्झोकेन हे बधिर करणारे औषधही त्रास देऊ शकते. म्हणून अशी अ‍ॅलर्जी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

मराठी घरांत कुंकू आणि टिकली यांचाही विचार करावा लागतो. कृत्रिम रंगाच्या कुंकवाने कपाळावर इसब तर होतेच, पण कित्येकदा खाज न येता नुसता काळपट डाग पडत जातो. काही टिकल्यांच्या चिकटात पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल असते. ते त्वचेचा रंग बनवणाऱ्या पेशींनाच मारते, आणि टिकलीच्या जागी पांढरा डाग उमटतो.

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे

आजारातून उठलेल्या माणसाला हर्बल वस्तू सुचवल्या जातात. परंतु प्रतिकारशक्ती रेणू ओळखते, तो कारखान्यातून आला की झाडातून हे नव्हे. टी ट्री तेल, लव्हेंडर आणि चंदन यांची अ‍ॅलर्जी होते, आणि क्वचित हळदीचीही. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे चट्टे पडतात.

पुण्याशी जोडलेले एक उदाहरण इथे महत्त्वाचे आहे. गाजर गवत १९५०च्या दशकाच्या मध्यावर पुण्यात नोंदले गेले आणि तिथून त्याचा प्रसार देशभर झाला. त्याच्या हवेत उडणाऱ्या सूक्ष्म कणांमुळे चेहरा, मान आणि हातांच्या लवणी यांवर हट्टी इसब होते. गाजर गवत, शेवंती, कॅमोमाइल आणि कॅलेंड्युला ही एकाच कुळातील झाडे. त्यामुळे गाजर गवताची अ‍ॅलर्जी असलेल्या शेतकऱ्याने किंवा गृहिणीने ‘त्वचा शांत करणारे’ म्हणून कॅमोमाइलचे क्रीम लावले तर इसब उलट भडकू शकते.

वासाचा त्रास

तिसऱ्या प्रकारात त्वचेवर काहीच उठत नाही. दमेकऱ्याच्या श्वासनलिका उग्र वासाने आवळतात, अर्धशिशी असलेल्याचे डोके दुखू लागते, केमोथेरपी घेणाऱ्याला मळमळते. कोविडसारख्या विषाणूसंसर्गानंतर कित्येकांना गंधविपर्यास होतो, म्हणजे कॉफी, कांदा, साबण, अत्तर यांना जळका किंवा कुजका वास येऊ लागतो. इजा झालेल्या गंधचेता पुन्हा वाढताना हे घडते आणि बहुतेकांत महिन्यांच्या हिशेबाने कमी होते. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांच्या गटाने २००९ साली मांडलेल्या गंध-सरावात गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग यांचा वास दिवसातून दोनदा, १२ आठवडे घ्यायचा असतो. इथे वास टाळणे नव्हे, तर बेताने वास घेणे हाच उपचार ठरतो.

काही जणांना मात्र अत्तर, रंग, फिनाइल, धूर अशा असंबंधित वस्तूंच्या अत्यल्प वासानेही थकवा, धडधड आणि गुंगी येते. अमेरिकन वैद्य मार्क कलेन यांनी १९८७ साली या अवस्थेची ‘मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी’ या नावाने व्याख्या केली. वास झाकून, रुग्णाला न कळू देता केलेल्या चाचण्यांत खरे रसायन आणि नुसती हवा यांतला फरक रुग्णांना सातत्याने ओळखता आला नाही. याचा अर्थ त्रास खोटा आहे असा नव्हे. लक्षणे खरी असतात, माणूस खरोखर खचतो. मात्र त्यामागे रसायनाच्या विषारीपणापेक्षा मेंदूची सावधगिरीची यंत्रणा अतिजागरूक झालेली असावी, असे या चाचण्यांवरून दिसते. अशा रुग्णाची चेष्टा न करता त्याला आधार द्यावा आणि टाळायच्या वस्तूंची यादी फुगू न देता त्याचे रोजचे जीवन हळूहळू मोकळे करावे, हे उपचाराचे सूत्र.

आजाराच्या खुणा आणि घाईचे उपाय

बरे होतानाच्या काळात चेहरा आणि केस बदलतात, आणि ते लपवण्याची इच्छा स्वाभाविक आहे. चिकुनगुन्यानंतर नाकावर काळसर डाग पडतो. टायफॉइड, डेंगी किंवा कोविडनंतर दोन-तीन महिन्यांनी केसांचे पुंजके हातात येतात. हे दोन्ही बदल बहुतेकांत काही महिन्यांत आपोआप ओसरतात. खरे नुकसान होते ते घाईत लावलेल्या गोरेपणाच्या क्रीमने. अशा काही क्रीममध्ये स्टिरॉइड असते. त्याने चार दिवस चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरमे येतात आणि क्रीम थांबवले की आग होते. काही बेकायदा क्रीममध्ये पारा सापडतो आणि तो त्वचेतून शिरून मूत्रपिंडांना इजा करतो. भारताच्या २०२०च्या प्रसाधन नियमांनुसार डोळ्यांसाठीची उत्पादने वगळता इतर प्रसाधनांत नकळत आलेला पाराही दशलक्षात एका भागापेक्षा अधिक चालत नाही.

निदान आणि वापराचे नियम

संपर्कजन्य अ‍ॅलर्जीची खात्रीची चाचणी म्हणजे पॅच टेस्ट. योझेफ याडासोन यांनी १८९५ साली ती मांडली, आणि तिचे निमित्तही पाऱ्याच्या उपचाराने इसब झालेले रुग्ण होते. संशयित द्रव्ये पाठीवर चिकटवून ४८ तास ठेवतात. पट्ट्या काढल्यावर आणि पुन्हा साधारण दोन दिवसांनी त्वचा तपासतात. रक्तातील आयजीई प्रतिपिंडे तपासून ही अ‍ॅलर्जी कळत नाही. स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रा किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना निकाल खोटा नकारार्थी येऊ शकतो. त्यामुळे चाचणीची वेळ त्वचारोगतज्ज्ञ ठरवतात.

घरी पाळण्याचे नियम सोपे आहेत. त्रास सुरू होताच सर्व प्रसाधने थांबवावीत. सौम्य, बिनवासाचे क्लेन्झर आणि साधे पेट्रोलियम जेली किंवा बिनवासाचे मॉइश्चरायझर एवढ्यावर दोन-तीन आठवडे काढावेत. मग एका वेळी एकच वस्तू परत सुरू करावी. अंगावर राहणारे नवे क्रीम आधी कोपराच्या लवणीत दिवसातून दोनदा, किमान आठवडाभर लावून पाहावे. कलप पाकिटावरच्या सूचनेनुसार ४८ तास आधी थोडा लावून तपासावा, आणि पूर्वी त्याने सूज आली असेल तर ही परीक्षाही करू नये.

वेष्टनावरची घटकांची यादी वाचावी. ‘फ्रॅग्रन्स’ किंवा ‘परफ्यूम’ या एका शब्दामागे अनेक द्रव्ये असतात. ‘अनसेंटेड’ वस्तूत मूळ वास झाकण्यासाठी सुगंध घातलेला असू शकतो, म्हणून ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ हा शब्द शोधावा. ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ या शब्दावर विसंबू नये. अमेरिकेत त्याची कायदेशीर व्याख्या करण्याचा १९७५चा नियम १९७७ साली न्यायालयाने रद्द केला आणि तेव्हापासून हा शब्द उत्पादकाच्या मर्जीवर आहे.

टाळण्याचाही अतिरेक नको. किरणोपचार चालू असताना डिओडरंट वापरू नये असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई, पण चाचण्यांत त्याने त्वचेचा त्रास वाढल्याचे दिसले नाही. आवडती टिकली, काजळ किंवा लिपस्टिक लावून आरशात पाहिल्याने आजारी माणसाला उभारी येते. तेवढ्या आनंदाला विनाकारण मुकवणे हीदेखील इजाच आहे.

एक सावधगिरी सर्वांत मोठी. उपचार चालू असताना अंगावर उठलेले पुरळ औषधाचेही असू शकते. फिटची, युरिक अ‍ॅसिडची किंवा सल्फा गटातील औषधे सुरू झाल्यावर काही आठवड्यांत तापासह पुरळ उठणे, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा होणे, कातडी सुटणे ही लक्षणे जिवावर बेतू शकतात. तेव्हा साबण बदलत बसण्यात वेळ न घालवता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

निदान झाल्यावर पुढची दिशा स्पष्ट होते. दाह असेल तर त्वचा सावरेपर्यंतच पथ्य पुरते. वासाचा त्रास बहुधा काळ आणि सराव यांनी उतरतो. अ‍ॅलर्जी निघाली तर त्या द्रव्याचे नाव लिहून जवळ ठेवावे, पार्लरमध्ये, औषधाच्या दुकानात आणि डॉक्टरांकडे ते दाखवावे, आणि तेवढे द्रव्य जन्मभर टाळून बाकी सर्व प्रसाधने निर्धास्तपणे वापरावीत.