लिनक्स संगणकावरून विद्यापीठाच्या व्हीपीएनशी जोडणी
विद्यापीठाने वर्गणी भरलेल्या अनेक संशोधनपत्रिका केवळ विद्यापीठाच्या आयपी पत्त्यावरूनच वाचता येतात. बाहेरून काम करणाऱ्या संशोधकास हा पत्ता व्हीपीएनमुळे, अर्थात आभासी खाजगी जाळ्यामुळे, लाभतो. लिनक्सवर त्यासाठी ‘ओपनकनेक्ट’ हा मुक्त प्रोग्राम उपयुक्त ठरतो. सिस्को एनीकनेक्ट, ग्लोबलप्रोटेक्ट इत्यादी प्रणालींशी तो जोडणी करतो.

जोडणी होऊनही पत्रिका न उघडल्यास प्रथम मार्ग तपासावा. ‘स्प्लिट टनेल’ व्यवस्थेत सामान्यतः विद्यापीठांतर्गत पत्त्यांकडील वाहतूकच व्हीपीएनमधून जाते. प्रकाशकाच्या संकेतस्थळाकडील वाहतूक घरच्या इंटरनेटवरूनच होते. अशा वेळी विद्यापीठाने दिला असल्यास ‘फुल टनेल’ हा पर्याय निवडावा.

सर्व्हरच्या प्रमाणपत्राविषयीचा इशारा मात्र कधीही डावलू नये. बनावट सर्व्हरला पासवर्ड मिळाल्यास संशोधकाचे संपूर्ण खाते धोक्यात येते.