माठाला हवा लागते

मी ठाण्याची. आमच्याकडे माठ असायचा, पण त्याच्यावर फार भरवसा कुणाचाच नव्हता. मे महिन्यात पाणी जेमतेम बरं लागायचं, मग फ्रिजमधली बाटली निघायची. त्यामुळे लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी दिल्लीजवळ मानेसरला आले तेव्हा माठ विकत घ्यायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. तो आणला सासूबाईंनी. त्या अकोल्याच्या. पहिल्याच उन्हाळ्यात हायवेकडेच्या एका हातगाडीवरून दहा लिटरचा लाल घडा घेऊन आल्या. दोनशे रुपयांच्या आतच पडला. मी तो ओट्याच्या कोपऱ्यात, पिठाच्या डब्याशेजारी नीट ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी उचलून थेट बाल्कनीच्या दारात मांडला. "माठाले हवा लागते, पोरी. कोपऱ्यात गुदमरते तो."

गुदमरतो हा शब्द मला गमतीचा वाटला होता. पुढे मुलाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी मोजमाप करायला बसलो, तेव्हा तो जवळपास शास्त्रीय निघाला.

माठाच्या भिंतीत बारीक छिद्रं असतात. कुंभार मातीत भुसा किंवा लीद मिसळतो. भट्टीत ते जळून जातं आणि त्याच्या जागी पोकळ्या राहतात. त्यांतून पाणी झिरपून बाहेरच्या अंगाला येतं आणि तिथे त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते, आणि त्यातली बरीचशी माठातल्या पाण्यातूनच घेतली जाते. ही उष्णता थोडीथोडकी नाही. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता खर्च होते, तेवढी काढून घेतली तर जवळजवळ 580 ग्रॅम पाणी एका अंशाने थंड होईल. म्हणजे दहा लिटर पाणी 40 अंशांवरून 25 वर आणायला, कागदावर तरी, पाव लिटर पाणी उडालं की पुरे.

आम्ही माठ वजनाच्या काट्यावर ठेवला. चोवीस तासांत तो सव्वा किलोने हलका झाला होता, आणि मधे कुणी घोटभरही पाणी घेतलं नव्हतं. पाव लिटर पुरणार होतं, मग वरचं एक लिटर गेलं कुठे? ते गेलं माठ थंड राखण्यात. भोवतालची तापलेली हवा दिवसभर माठात उष्णता ढकलत असते आणि माठ ती वाफेबरोबर बाहेर टाकत असतो. सव्वा लिटरच्या वाफेबरोबर गेलेली उष्णता विजेच्या मापात सांगायची तर पाऊण युनिटाहून थोडी जास्तच भरते.

आता खरा प्रश्न. हाच माठ ठाण्यात का रुसतो?

उत्तर शोधायला आम्ही एक यंत्र केलं. यंत्र म्हणजे काय, प्रयोगशाळेत असतात तसे काचेचे दोन साधे तापमापक, एक पुठ्ठा आणि जुन्या सुती बनियनची चिंधी. (ताप मोजायचा थर्मामीटर इथे चालत नाही, त्याची पट्टी 42 अंशांपाशी संपते.) दोन्ही तापमापक पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी बांधायचे. एकाच्या फुग्याला चिंधी गुंडाळून तिचं टोक पाण्याच्या वाटीत सोडायचं. सावलीत उभं करून दुसऱ्या पुठ्ठ्याने चार-पाच मिनिटं वारा घालायचा. कोरडा तापमापक हवेचं तापमान सांगतो. ओला त्याच्या खाली उतरतो आणि एका जागी थांबतो. तो आकडा म्हणजे ओल्या फुग्याचं तापमान, म्हणजे आता उन्हाळ्याच्या बातम्यांत येऊ लागलेलं ‘वेट बल्ब’. नुसत्या बाष्पीभवनाने त्या हवेत कुठलीही वस्तू याहून थंड करता येत नाही. माठाची तळरेषा तीच.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी तीनला, बाल्कनीच्या सावलीत आमचा कोरडा काटा 41 वर होता आणि ओला 23 वर. अठरा अंशांची दरी! दारातल्या माठातलं पाणी 27 भरलं. तोच माठ दुसऱ्या दिवशी मुद्दाम ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला, तर 31. फरक फक्त वाऱ्याचा. कोपऱ्यात माठाभोवती दमट हवेचं पांघरूण साचतं, मग वाफेला जागा राहत नाही. सासूबाईंचं ‘गुदमरते’ ते हेच.

ठाण्याला माझ्या भावाने असंच यंत्र करून पाहिलं. कोरडा 34, ओला 28. तिथली हवा आमच्याहून सात अंशांनी थंड, पण माठाला उतरायला जेमतेम सहा पायऱ्या. लहानपणी मी उगाच माठाला नावं ठेवली, दोष खाडीच्या हवेचा होता. मानेसर समुद्रापासून लांब, अरवलीच्या पायथ्याशी. मे-जूनमध्ये वाळवंटाकडून येणारी लू अंग भाजून काढते, पण तिच्यात ओलावा नसतो. अकोला आणि चंद्रपूर याच जातीचे. विदर्भात घरोघरी कूलर आणि मुंबईत कुणाकडेच नाही, हे सवयीमुळे झालेलं नाही. अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त वाळ्याच्या ओल्या ताट्यांनी थंड केलेल्या जागांचं वर्णन केलंय, तेही याच कोरड्या उत्तरेतलं.

आमच्या सोसायटीत बरेच जण खिडक्या घट्ट लावून कूलर चालवतात आणि मग चिकचिक होते म्हणून तक्रार करतात. कूलर हा पंखा लावलेला माठ आहे. आत आलेल्या ओल्या हवेला बाहेर जायला वाट ठेवली नाही, तर तासाभरात आपण मानेसरात मुंबई तयार करतो.

माठावरून सुचलेली दुसरी वस्तू म्हणजे भाजीचं मडकं. उत्तर नायजेरियातल्या मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने ते गावोगाव पोचवलं आणि त्याबद्दल त्याला 2000 साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. आपल्याकडे वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापतींनी 2001 च्या भूकंपानंतर मातीचा फ्रिज करायला घेतला, त्याचंही तत्त्व हेच. घरी करायला अगदी सोपं आहे. मातीची एक मोठी कुंडी घ्या, रंग न दिलेली. तळाचं भोक बुचाने किंवा कणकेसारख्या ओल्या मातीच्या गोळ्याने बंद करा. तळाशी दोन बोटं वाळू, त्यावर लहान मडकं, आणि दोघांमधली फट वाळूने भरून टाका. वाळू सकाळ-संध्याकाळ पाण्याने भिजवा आणि तोंडावर ओलं फडकं घाला. कुंडी तिवईवर ठेवा, म्हणजे खालूनही वारा लागेल. मुलांना हे काम फार आवडतं, कारण त्यात चिखल आहे.

बाह अब्बाच्या मडक्यात वांगी तीन दिवसांऐवजी सत्तावीस दिवस टिकल्याची नोंद सगळीकडे सांगितली जाते. आमचं मडकं इतकं कर्तबगार नाही. टोमॅटो आणि काकड्या आठवडाभर छान राहिल्या, कोथिंबीर चौथ्या दिवशी ताजी होती, पालकाने दुसऱ्या दिवशीच मान टाकली. दूध यात ठेवू नका. 25 अंशांवर दूध फ्रिजसारखं टिकत नाही.

दिल्ली परिसरात हेच तत्त्व मोठ्या मापानेही वापरलं गेलंय. नोएडातल्या डेकी इलेक्ट्रॉनिक्स या कारखान्यात जनरेटरची गरम हवा अंगावर यायची. अँट स्टुडिओ या वास्तुरचनाकारांच्या गटाने तिच्या वाटेत मातीच्या शंक्वाकार नळ्यांची पोळ्यासारखी भिंत रचली आणि तिच्यावरून पाणी खेळवलं.

माठ रंगवायचा मोह मात्र आवरा, किंवा निदान रंग बघून घ्या. हस्तकलेच्या नावाखाली मुलं माठावर ऑइलपेंटने मोर काढतात, आणि मग पाणी का गार होत नाही म्हणून विचारतात. ऑइलपेंट काय किंवा अ‍ॅक्रिलिक काय, वाळल्यावर त्याचा पापुद्रा छिद्रं बुजवतो. गेरू आणि चुना वापरा. दोन्ही श्वास घेतात, आणि वारली चित्रं त्यात शोभतातही. काळा माठ लाल माठापेक्षा थंड असतो ही समजूत माझ्या माहेरी होती. काळा रंग भट्टीत कोंडलेल्या धुराचा, तो थंडाव्याचा काही नाही. सावलीत छिद्रं आणि भिंतीची जाडी, एवढंच चालतं. झज्जरच्या सुरया पातळ अंगाच्या म्हणून नावाजलेल्या.

इकडच्या पाण्याचा एक त्रास आहे. बोअरचं पाणी जड. वाफ उडते आणि क्षार मागे राहतात, म्हणून दोन महिन्यांत माठाच्या अंगावर पांढरी साय धरते आणि छिद्रं तुंबतात. ती लिंबाच्या सालीने किंवा पातळ व्हिनेगरने चोळून, काथ्याने घासून काढायची. साबण नको, तो मातीत मुरतो आणि पुढे पाण्याला वास येतो. आरओचं टाकाऊ पाणी भाजीच्या मडक्याच्या वाळूत घालून वाचवावं असं मला वाटलं होतं. करू नका, क्षार त्यातच सगळ्यात जास्त. ते लादी पुसायला ठेवा. आणि माठाखालच्या थाळीत पाणी साचू देऊ नका. आठवड्यातून एकदा ती पूर्ण वाळवून घासा, डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंखांपर्यंत जायला साधारण तेवढेच दिवस लागतात.

मुलाने दोन्ही काटे रोज दुपारी वहीत उतरवले. जून चढत गेला तसा ओला काटा वर सरकू लागला, आधी 24, मग 26. पूर्वेकडून वारं आलं की तो उडी मारायचा, पुन्हा पश्चिमेचं आलं की उतरायचा. गंमत म्हणजे कोरडा काटा 38 आणि ओला 28 असलेला दिवस आम्हा सगळ्यांना 41-23 च्या दिवसापेक्षा वाईट गेला. आपलं अंग हाही एक माठच. घाम वाळला तर थंडावा, नाही वाळला तर नुसता ओलेपणा.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात पहिला जोरदार पाऊस झाला. त्या दुपारी कोरडा 31, ओला 28. सासूबाईंनी वही न बघताच माठ रिकामा केला, घासला आणि बाल्कनीत पालथा घातला.