नकाशांचे थर आणि सह्याद्रि

शेताच्या गटाचा नकाशा पुष्कळ घरीं जपून ठेविलेला असतो. त्यांत बांध दिसतात. बांधाखालचें पाणी मात्र दिसत नाहीं. आतां पाणी, माती, उतार, झाडी ह्यांचे वेगवेगळे नकाशे पारदर्शक कागदांवर काढून एकावर एक ठेविले, तर कोणत्याहि एका जागेची सारी हकीकत एकदम डोळ्यांपुढें उभी राहील. हेंच काम संगणकाकडून करून घेण्याच्या विद्येस भौगोलिक माहिती प्रणाली म्हणतात. १९६० नंतरच्या दशकांत कॅनडांत रॉजर टॉमलिन्सन ह्या भूगोलज्ञानें तिचा पाया घातला. त्या देशाचा विस्तार पाहतां हातानें नकाशे जुळवीत बसणें अशक्यच होतें.

आमच्याकडे ह्या विद्येची खरी कसोटी सह्याद्रीवर लागली. २०१० सालीं केंद्र सरकारनें माधव गाडगीळ ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. तिनें पश्चिम घाटाचे सुमारें नऊ किलोमीटर लांबीरुंदीचे चौकोन पाडले. ते सुमारें २२०० भरले. कोठें सदाहरित वन आहे, उंची व उतार किती, अन्यत्र न आढळणारे जीव कोणते, हें पाहून चौकोनांस गुण दिले व संवेदनशीलतेच्या तीन पायऱ्या ठरविल्या. पुढें २०१३ सालीं कस्तुरीरंगन समितीनें चोवीस मीटरांपर्यंतचा तपशील दाखविणारीं उपग्रहचित्रें घेऊन सुमारें ३७ टक्के प्रदेश संवेदनशील म्हणून निवडला. चित्र अधिक बारीक झालें, हें खरें. परंतु कोणतें गांव रेषेच्या आंत आणि कोणतें बाहेर, हा वाद त्यामुळें मिटला नाहीं. उलट गांवोगांवीं पेटला. अंतिम सीमा ग्रामसभांस विचारून ठरवाव्या, असें गाडगीळ समितीचें म्हणणें होतें, व आम्हांस तेंच अधिक शहाणपणाचें वाटतें. झाडी कोठें आहे हें उपग्रह सांगतो. ती कोणी राखिली, हें त्यास ठाऊक नसतें.

३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळला व दीडशेंहून अधिक माणसें गेलीं. उतार, पाऊस, माती हे तिन्ही थर संगणकांत चढवितां येतात. पण त्यांचा अर्थ उताराखालीं निजणाऱ्या माणसास वेळेवर कोणी सांगावा?

अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारचे लोक दरवर्षीं पाऊस व विहिरींचें पाणी मोजून, कोणतीं पिकें घ्यावयाचीं तें सभेंत ठरवितात. तेथला हिशेब गांवांतल्या प्रत्येकास वाचतां येतो.