खराट्यामागचा गवंडी

सरकारी भिंतीवरच्या चित्रात गाडगेबाबांच्या हातात खराटा असतोच. 2000 साली त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि हा खराटा आणखी पक्का झाला. पण बाबांचा खरा पसारा विटा-चुन्याचा होता.

बाबांचं मूळ नाव देबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म 1876 चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, परीट घरातला. लिहिता-वाचता येत नव्हतं. 1905 मध्ये घर सोडलं. अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्यात बांगडीची काच आणि डोक्यावर फुटकं गाडगं. उन्हात तेच टोपी, भूक लागली की तेच ताट.

गावात शिरले की आधी रस्ता झाडायचा, नाल्या मोकळ्या करायच्या. रात्री कीर्तन, तेही वऱ्हाडीत. ते लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांकडूनच वदवून घेत. देवाला बोकड का कापता? कर्ज काढून लग्न कशाला करता? कुणी पाया पडायला वाकला, तर काठी उगारत. समोर मजूर असत तसे शेठ-सावकारही असत. बाबा दानाचं आवाहन करत ते धर्मशाळेसाठी. स्वतःसाठी मात्र चटणी-भाकरीच मागत. नाशिक, आळंदी, देहू, मूर्तिजापूर अशा कितीतरी ठिकाणी इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्यावर ना स्वतःचा हक्क ठेवला, ना घरच्यांचा लागू दिला. लाखोंचं बांधकाम करून एका खोलीचाही मालक न होणं हा हिशेब आजच्या ट्रस्टींना जरा जडच जाईल!

पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा मात्र वेगळी. वारीला आलेल्या अस्पृश्य वारकऱ्यांना निवारा मिळेना, म्हणून ती 1920 च्या सुमारास झाली. विठ्ठलमंदिराचं दार त्यांच्यासाठी उघडलं ते 1947 मध्ये, साने गुरुजींनी उपोषण केल्यावर. म्हणजे देवाच्या घराआधी पाव शतक बाबांच्या घराचं दार उघडं होतं. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं कीर्तन हेच.

पुढे निवाऱ्याची ही गरज तीर्थक्षेत्रांपुरती राहिली नाही. मुंबईत उपचारासाठी गावाकडून माणसं येत. रोगी खाटेवर, बरोबरचा माणूस फुटपाथवर. जे. जे. रुग्णालयाजवळची धर्मशाळा या नातेवाइकांसाठी झाली.

1952 मध्ये गाडगे महाराज मिशन स्थापन झालं. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ बाबा गेले. पंढरपूरची ती धर्मशाळा त्यांनी 1949 मध्येच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वाधीन केली होती.